माशांनी दोन दिवसांत टाकीतील सर्व वनस्पती संपवल्या, तातडीने मदत हवी आहे

मुलुंडकर
नमस्कार. शुक्रवारी संध्याकाळी टाकीत व्हॅलिस्नेरिया आणि अॅमेझॉन स्वॉर्ड लावले होते. रविवारी सकाळी पाहिले तेव्हा केवळ देठ उरले होते. मासे उपाशी नाहीत, त्यांना दिवसातून दोनदा दाणे मिळतात. उरलेली रोपे आजच लावायची असल्यामुळे कृपया लवकर उपाय सांगावा.

पाणवेल
मासे कोणते, किती आणि टाकी केवढी, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही. त्याशिवाय उत्तर कसे देणार?

जुना_गिरगावकर
माझ्या अनुभवानुसार नळाच्या पाण्यातील क्लोरीन हेच अशा तक्रारींचे मूळ असते. पाणी चोवीस तास उघड्या बादलीत ठेवून मगच टाकीत घालावे.

पाणवेल
क्लोरीनने फार तर पाने खराब होतील. ती देठापर्यंत कुरतडली जाणार नाहीत.

मुलुंडकर
मासे पाच, सिल्व्हर डॉलर. टाकी अडीच फुटी. हे मासे वनस्पतींना त्रास देत नाहीत, असे दुकानदाराने सांगितले होते.

सुमन_ठाणे
तसे सांगणे चुकीचे होते. सिल्व्हर डॉलर पिरान्हाच्याच कुळातील असला तरी मुख्यतः वनस्पतीच खातो. मी रोज उकडलेला पालक आणि काकडीचे काप देते. जाड पानांचे अनुबियस आणि जावा फर्न माझ्याकडे दोन वर्षे टिकले आहेत.

पाणवेल
सुमनताई, पालक दिल्याने कोवळी पाने वाचतील, हे मला पटत नाही. पाला हेच ज्याचे अन्न, तो पोट भरलेले असतानाही समोरचे पान सोडत नाही. मुलुंडकर, मासे आता केवढे आहेत आणि त्यांच्या पोटाचा रंग कोणता आहे?

मुलुंडकर
चार महिन्यांपूर्वी रुपयाच्या नाण्याएवढे होते, आता तळहाताएवढे आहेत. गळ्यापासून पोटापर्यंत नारिंगी-लाल रंग आहे. हे महत्त्वाचे आहे, असे मला वाटले नव्हते.

पाणवेल
हेच महत्त्वाचे होते. एवढी वाढ आणि लाल पोट पाहता हे लाल पोटाचे पाकू असावेत, म्हणजे आपल्या मासळी बाजारात रूपचंद या नावाने विकला जाणारा मासा. तो मूळचा अॅमेझॉन आणि ओरिनोको खोऱ्यांतील. पावसाळ्यात नदीचे पाणी जंगलात शिरले की तो झाडांखाली पोहत येतो आणि पाण्यात पडलेली फळे व बिया खातो. त्यासाठी त्याचे दात माणसाच्या दाढांसारखे सपाट आणि भक्कम असतात. कठीण कवचाच्या बियाही तो फोडतो. ज्या बारीक बिया चावल्या जात नाहीत, त्या विष्ठेबरोबर दूरवर पडून रुजतात, त्यामुळे त्या जंगलाच्या वाढीला त्याचा हातभार लागतो. बिया फोडणाऱ्या या दातांपुढे आपल्या व्हॅलिस्नेरियाचा काय निभाव लागणार! शिवाय हा मासा अडीच फुटांहून अधिक लांब होऊ शकतो, म्हणजे तुमची टाकी त्याच्या लांबीएवढीही नाही.

सुमन_ठाणे
हे मान्य आहे. पाकूपुढे अनुबियससुद्धा टिकणार नाही, म्हणून माझा सल्ला मागे घेते.

जुना_गिरगावकर
मग पवई तलावात सोडून द्यावेत. तेथे भरपूर जागा आहे.

पाणवेल
कृपया तसे मुळीच करू नये. परदेशी मासा आपल्या तलावात सोडला तर स्थानिक मासे आणि पाणवनस्पती या दोहोंना धोका पोहोचतो. तो दुकानदाराला परत करावा, किंवा मोठे हौद असलेल्या एखाद्या मत्स्यपालकाला द्यावा.

मुलुंडकर
उरलेली रोपे सध्या बादलीत ठेवली आहेत, लावणार नाही. पोटाचा आणि दातांचा फोटो काढून संध्याकाळी येथे टाकतो. ठाणे-मुलुंड भागात कोणाकडे मोठा हौद असल्यास कृपया कळवावे. पाचही मासे एकत्रच द्यायचे आहेत.