उत्तर: डीसीटीवर यू-टर्न आणि घाट

डीसीटी म्हणजे दोन क्लचचा, आपोआप गिअर बदलणारा गिअरबॉक्स; क्लच आतच असतो, हाताला लिव्हर नसतो. अशा बाईकवर हळू यू-टर्न आणि घाट जमतात का, असा प्रश्न होता. 'क्लच नाही म्हणजे हळू यू-टर्नला गाडी पडणारच' हे पूर्ण खरं नाही, पण भीती अगदीच खोटीही नाही. माझ्याकडे होंडाची आफ्रिका ट्विन ही मोठी बाईक आहे, डीसीटीवाली. पहिल्या आठवड्यात पेट्रोल पंपावर वळताना सवयीने डावी बोटं क्लच शोधायला गेली, हाती हवा आली आणि २३० किलोंच्या वरचा ऐवज गुडघ्यावर तोलावा लागला. (पंपावरच्या पोराने धरली म्हणून वाचलो.)

उपाय साधा आहे. थ्रॉटल किंचित उघडा ठेवायचा, बंद करायचा नाही, आणि वेग मागच्या ब्रेकने आवरायचा. थ्रॉटल पूर्ण सोडला की आतला क्लच सुटतो आणि गाडी अंगावर येते.

घाटाबद्दल मात्र जपून. डी मोड, म्हणजे साधा ऑटो मोड, पेट्रोल वाचवायला गिअर भराभर वर टाकतो. ताम्हिणी उतरताना त्यामुळे इंजिन ब्रेकिंग (थ्रॉटल सोडल्यावर इंजिननेच वेग आवरणं) मिळतच नाही, गाडी नुसती घरंगळते. मी उतारावर एस (स्पोर्ट) मोड लावतो, तो खालचा गिअर जास्त वेळ धरून ठेवतो, शिवाय वळणाआधी डाव्या अंगठ्याच्या बटणाने एक गिअर खाली. एवढं केलं तरी ऑटो मोड सुटत नाही, थोड्या वेळाने गाडी परत आपलं आपण बघते.

आणि हो, इंजिन बंद केलं की ती न्यूट्रलमध्ये जाते. गिअरमध्ये टाकून उतारावर उभी करता येत नाही, म्हणून पार्किंग ब्रेक दिलाय. तो ओढायला विसरू नका.

चाकणच्या ट्रॅफिकमध्ये मनगट दुखत नाही, एवढ्यासाठी मी बाकी सगळं माफ केलंय.