मॅटप्लॉटलिबचं (पायथनमधली आलेख काढायची लायब्ररी) अ‍ॅनिमेशन मधेच क्रॅश होतंय आणि स्पीडही वाढत नाहीये

वर्षभराच्या पावसाचा नकाशा करतोय, दिवसाला एक फ्रेम म्हणजे ३६५ फ्रेम्स. सुरुवात मस्त होते मग हळूहळू रडायला लागतं, रॅम भरते आणि ज्युपिटरचा कर्नलच (कोड चालवणारा भाग) मरतो. इंटरवल (दोन फ्रेम्समधला वेळ) २० केलं तरी सेव्ह केलेला व्हिडिओ तसाच रटाळ. सेव्हमध्ये एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम्स) ५ आहे. काय करू?

उत्तर
दर फ्रेमला चालणाऱ्या अपडेट फंक्शनमध्ये दरवेळी स्कॅटर (नकाशावरचे ठिपके) आणि कलरबार (रंगांची पट्टी) नव्याने काढताय का? मग जुने ठिपके जात नाहीत, नवे त्यावर चढत राहतात, ३०० व्या फ्रेमला ३०० थर. स्कॅटर बाहेर एकदाच काढा, आत फक्त सेट_अ‍ॅरेने रंग बदला.

उत्तर
+१. आणि स्पीडचं म्हणाल तर इंटरवल मिलिसेकंदात असतं, पण सेव्हला एफपीएस दिलंत की तिथे त्याला कोणी विचारत नाही. ५ ने ३६५ फ्रेम्स म्हणजे ७३ सेकंद, रटाळच वाटणार! २५ करा, १५ सेकंदांच्या आत संपेल. जिफ नको, एफएफएमपेगने (व्हिडिओ बनवायचं टूल) एमपी४ काढा, जिफमध्ये वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागातच मोजतात आणि फार वेगवान जिफ ब्राउझर उलट हळू चालवतो.

प्रश्नकर्ता
कलरबारच होता आत 😅 आता रॅम जागेवर. ब्लिट (फक्त बदललेला भाग पुन्हा काढणं) ट्रू केलं तर अजून फास्ट होईल का?

उत्तर
स्क्रीनवर हो, सेव्ह करताना काही फरक नाही. वर टायटलमध्ये तारीख असेल तर ती मात्र अडकून बसेल, तारीख नकाशाच्या आत टेक्स्ट म्हणून टाका आणि फंक्शनमधून रिटर्न करा.