नाणेसंग्राहक मंडळाच्या बैठकीला पहिल्यांदाच जातेय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

येत्या रविवारी नाणेसंग्राहक मंडळाच्या बैठकीला जायचं ठरवलं आहे. आजवर एकटीनेच नाणी जमवली, पुस्तकं आणि भिंग यांच्या सोबतीने. नाण्यांबद्दल समोर बसून बोलायला कधी कोणी भेटलंच नाही, म्हणून फार उत्सुकता आहे. धाकधूकही तेवढीच आहे.

सोबत काय न्यावं? अख्खे अल्बम, की निवडक चार-पाच नाणी? आजोबांकडून आलेला मारिया थेरेसा थालर, म्हणजे ऑस्ट्रियाच्या राणी मारिया थेरेसाचं चांदीचं नाणं, मला न्यायचाच आहे. त्यावर १७८० साल आहे, पण राणीच्या निधनानंतरही हेच साल ठेवून तो पाडला जात राहिला. व्हिएन्नाबरोबरच लंडन, पॅरिस, रोम, बर्मिंगहॅम, अगदी मुंबईच्या टाकसाळीतही. माझा कुठला, हे मला वर्षानुवर्षं कळलेलं नाही आणि कोणीतरी जाणत्याने तो हातात घेऊन सांगावं अशी फार इच्छा आहे. पण पहिल्याच दिवशी आपलं नाणं पुढे करणं बरं दिसेल का?

थालर आता काळसर झालाय. नेण्याआधी पुसून घ्यावा का?

दुसऱ्यांची नाणी बघताना काय पाळायचं असतं तेही सांगा. आणि किंमत विचारलेली चालते का? मला विकायचं काहीच नाही, तरी विषय निघाला तर गप्प बसावं की बोलावं, कळत नाही.

प्रतिसाद १

ताई, आधी एक कळकळीची विनंती: थालर अजिबात पुसू नका. हवेतल्या गंधकामुळे चांदीवर तो थर चढतो. घासलंत की पृष्ठभागावर बारीक ओरखडे उठतात आणि ते पुन्हा जात नाहीत. जाणकार ते भिंगाखाली लगेच ओळखतात, आणि नाण्याचं मोल तिथेच उतरतं. आहे तसा न्या.

मात्र तो कशात ठेवलाय ते बघा. मऊ पीव्हीसीच्या पाकिटात असेल तर आजच काढा. त्या प्लॅस्टिकमधून कालांतराने नाण्यावर हिरवट चिकट थर येतो. मायलरची (पारदर्शक, निर्धोक प्लॅस्टिकची) खिडकी असलेलं पुठ्ठ्याचं होल्डर उत्तम.

अल्बम घरीच राहू द्या. थालर आणि ज्यांच्याबद्दल प्रश्न आहेत अशी दोन-तीन नाणी पुरेत. प्रश्न घेऊन आलेला नवा माणूस जुन्या सभासदांना मनापासून आवडतो, संकोच नको.

प्रतिसाद २

हाताळण्याबद्दल सांगतो. नाणं नेहमी कडेला, अंगठा आणि तर्जनीत धरायचं, तेही मऊ कापड अंथरलेल्या टेबलावर, अगदी थोड्या उंचीवर. विचारल्याशिवाय उचलायचं नाही. या हातातून त्या हातात देऊ नका. तुम्ही खाली ठेवा, मग दुसऱ्याने उचलावं. बहुतेक नाणी देताघेतानाच पडतात. आणखी एक, नाण्यावर वाकून बोलू नका. थुंकीचा बारीक थेंबही कायमचा डाग पाडतो.

किंमत जरूर विचारा, पण समोरच्याच्या ठेवणीतल्या नाण्यावरून सुरुवात नको. आधी ते कुठलं, कसं ओळखायचं हे विचारा. बोलता बोलता किंमत निघतेच.

थालरसाठी भिंगासोबत ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा वजनकाटा न्या. वजन साधारण २८.०७ ग्रॅम भरायला हवं. कडेवर ‘युस्तितिया एत क्लेमेन्तिया’ (लॅटिनमध्ये ‘न्याय आणि दया’) ही उठावदार अक्षरं असतात. ओतीव नकलेत ती बहुधा बुजकी दिसतात, कधी कडेवर जोडाची रेघही सापडते. टाकसाळ ठरवायला मात्र बारकावे लागतात: राणीच्या ब्रोचमधले मोती, मागच्या बाजूवरच्या गरुडाची शेपटी, अक्षरांची ठेवण. त्यासाठी शेजारी ठेवायला दुसरे थालर हवेत, आणि ते मंडळातच मिळतील.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार! थालर खरोखरच मऊ पाकिटात होता, आत्ताच काढला. हिरवा थर नाही. वजन २८.०४ भरलं, अक्षरं स्पष्ट आहेत. आता शेपटीच्या पिसांचे फोटो काढतेय, उजेड बरा आला की इथे टाकते. कोणाकडे थालर असेल तर तुमचेही टाकाल का?