मदत हवी आहे: भाड्याच्या घरात स्लॅबला भोक न पाडता वरच्या मजल्यावर लॅन केबल कशी न्यावी?

नमस्कार मंडळी,

आम्ही रत्नागिरीत एका दुमजली घरात भाड्याने राहतो. खाली हॉल, स्वयंपाकघर आणि सासूबाईंची खोली. वर दोन खोल्या, मध्ये छोटा पॅसेज आणि त्यावर गच्ची. फायबरचं कनेक्शन खाली हॉलमध्ये टीव्हीच्या कोपऱ्यात आलंय. मी ज्या खोलीत बसते ती वर, मागच्या बाजूला.

मी दहावीच्या मुलांना ऑनलाइन गणित शिकवते. प्रमेयाची सिद्धता अर्ध्यावर आलेली असते आणि फळा गोठतो. मुलं बिचारी गप्प बसून राहतात. परत जोडलं की पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात. आईवडील विश्वासाने फी भरतात, तेव्हा हे असं चालू ठेवणं मला पटत नाही.

घर चिऱ्याचं, भिंती जाड, मध्ये आरसीसी स्लॅब. राऊटरचं ५ गिगाहर्ट्झ वर पोचतच नाही. २.४ पोचतं, पण आवाज तुटतो. ओळखीच्यांकडून मेशची जोडी (वायफाय पुढे पोचवणारे दोन डबे) आणून लावून पाहिली. जिन्यात ठेवली तर वर थोडं बरं मिळतं, पण मेशचे दोन डबे आपसात वायफायनेच बोलत असल्याने संध्याकाळी पुन्हा तेच. म्हणून आता केबलच टाकायची हे नक्की.

अडचण अशी की मालकांनी स्लॅबला आणि बाहेरच्या भिंतीला भोक पाडायला नाही म्हटलंय. ११ महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारातही 'लेखी संमतीशिवाय बांधकामात बदल करू नये' असं कलम आहेच. पण मला त्यांचं म्हणणं करारापलीकडेही रास्त वाटतं. आधीच्या भाडेकरूंनी डिश बसवताना गच्चीत ड्रिल मारलं आणि पुढचा अख्खा पावसाळा वरच्या खोलीचं छत गळलं. इथे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पाणी एकदा स्लॅबमध्ये शिरलं की ते कुठून बाहेर येईल सांगता येत नाही.

मला दिसलेले मार्ग:

जिन्याच्या कडेने, स्कर्टिंगवरून. टेप लावून मोजलं तर २२ मीटर होतं. भिंतीला डिस्टेंपर आहे. डबल साइड टेप लावली तर काढताना पापुद्र्यासकट निघेल ही भीती.

हॉलच्या खिडकीतून बाहेर आणि वरच्या खिडकीतून आत. जेमतेम ९ मीटर. पण केबल सरकत्या खिडकीच्या पट्टीत चेपणार, आणि पावसाचं काय?

तिसरा मार्ग आजच लक्षात आला. टीव्हीमागे भिंतीत एक गोल डबा आहे, त्यातून जुन्या केबल टीव्हीची काळी वायर बाहेर आलीय. ती आता कोणी वापरत नाही. तसाच डबा वर पॅसेजमध्ये आहे. खालून वायर हळूच ओढली तर वरचं टोक हललं! तिच्याच पाइपमधून लॅन केबल जाईल का? जाणकारांनी सांगावं. केबल कुठली घ्यावी हेही.

तारयात्री

वरचं टोक हललं ना, मग बाकीचे दोन मार्ग विसरा. पाइप मोकळा आहे आणि वायर कुठे सिमेंटमध्ये अडकलेली नाही, एवढं त्यावरून कळतं. जुनी वायर बहुधा आरजी ६ असेल, ती साधारण ७ मिमी जाडीची असते. कॅट ६ प्रकारची लॅन केबल साधारण ६ मिमी. म्हणजे जागेचा प्रश्नच नाही.

मात्र आधी दोन्ही डबे उघडून टॉर्चने नीट बघा. त्याच पाइपमध्ये दिव्याच्या, पंख्याच्या वायरी असतील तर तिथे लॅन केबल घालायची नाही. इन्सुलेशन कुठे सोललं तर २३० व्होल्ट थेट तुमच्या लॅपटॉपपर्यंत येतील. डबे उघडताना मेन स्विच बंद.

आता ओढायचं कसं. केबलला आधी प्लग लावू नका, तो वळणावर अडकतो. जुन्या वायरचं वरचं टोक सोलून मधली तार मोकळी करा. लॅन केबलचं वरचं आवरण चार बोटं काढा, आतल्या दोन-तीन जोड्या त्या तारेत गुंफा आणि वरून इन्सुलेशन टेप निमुळती गुंडाळा, गाठ जाड होता कामा नये. सोबत एक नायलॉनची दोरी जोडा. एकाने वरून केबल सरळ करत आत सोडायची, दुसऱ्याने खालून ओढायचं, आणि दोघांनी फोनवर बोलत राहायचं. अडलं की हिसका द्यायचा नाही. थोडं मागे घ्या, टाल्कम पावडर लावा, परत ओढा. दोरी पाइपमध्येच राहू द्या. घर सोडताना तिनेच मालकांची जुनी वायर परत आत घालता येईल.

घाटमाथा

एवढा खटाटोप कशाला? कंपनीला सांगून फायबरचा डबाच वर हलवून घ्या. फायबरची वायर बारीक असते, कुठूनही जाते.

धागाकर्ती

हा विचार झाला होता. पण सासूबाईंचा टीव्ही खाली इंटरनेटवरच चालतो आणि इन्व्हर्टरची लाइन फक्त खालच्या मजल्यावर आहे. इथे वारा सुटला की वीज जाते. डबा वर नेला तर वीज गेल्यावर दोन्ही मजले बंद.

तारयात्री

मग पीओई बघाच. म्हणजे लॅन केबलमधूनच वरच्या वायफाय डब्याला वीज द्यायची. खाली इन्व्हर्टरच्या पॉइंटवर पीओई इंजेक्टर (केबलमध्ये वीज सोडणारा छोटा डबा), वर पीओईवर चालणारा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे तो वायफाय डबा. वीज गेली तरी वरचं वायफाय चालू राहील. लॅपटॉप बॅटरीवर असतोच.

आणि यासाठी केबल शुद्ध तांब्याची हवी. बाजारात 'सीसीए' नावाने स्वस्त केबल मिळते, ती आतून ॲल्युमिनियम आणि वरून तांब्याचा मुलामा. पीओईला ती तापते आणि वाकवली की तुटते. दुकानातच एक तार ब्लेडने खरवडा. आत पांढरं चमकलं तर परत द्या.

खडपावरून

केबलवर थोडं. कॅट ५ई सुद्धा १०० मीटरपर्यंत १ गिगाबिट देते, तुम्हाला ती पुरे. किमतीत फरक थोडा असेल तर कॅट ६ घ्या, त्याहून महाग काही नको. चपटी केबल पाइपमध्ये घालू नका, पिळली जाते.

प्लग दोन्ही टोकांना एकाच क्रमाने: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. लावून झालं की लॅपटॉपवर लिंक स्पीड बघा. १००० ऐवजी १०० दिसलं तर आठपैकी एखादी तार नीट बसलेली नाही. १०० एमबीपीएस चार तारांवरही चालतं, म्हणून इंटरनेट सुरू दिसतं आणि चूक लक्षात येत नाही.

खिडकीबाहेरून तांब्याची केबल नेऊ नका असं माझं स्पष्ट मत. पावसाळ्याच्या आधी आणि परतीच्या पावसात इथे विजा केवढ्या पडतात. जवळपास वीज पडली तरी बाहेरच्या केबलमध्ये विजेचा दाब येतो आणि दोन्ही टोकांचे पोर्ट जातात. बाहेरून न्यायचीच वेळ आली तर फायबर न्या, दोन्हीकडे मीडिया कन्व्हर्टर (फायबरला लॅन केबल जोडून देणारा डबा) लावून. आणि घरात शिरायच्या आधी वायरला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथून ठिबकेल, आत येणार नाही.

बंदररोड

पॉवरलाइन ॲडॅप्टर? विजेच्या वायरीतूनच इंटरनेट जातं, काही ओढायला नको.

खडपावरून

दोन मजले वेगवेगळ्या फेजवर असतील तर भरवसा नाही. त्यांच्याकडे इन्व्हर्टरची लाइनही वेगळी आहे. शिकवण्यासाठी मी त्यावर विसंबणार नाही.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन्ही डबे मेन बंद करून उघडले. पाइपमध्ये ती एकच काळी वायर आहे, विजेची एकही नाही. मालकांना व्हॉट्सॲपवर असं लिहिलं: "काका, नमस्कार. टीव्हीच्या जुन्या केबलच्या पाइपमधून इंटरनेटची वायर वर नेणार आहे. कुठेही भोक नाही, खिळा नाही. जुनी वायर गुंडाळून माळ्यावर ठेवते, घर सोडताना होतं तसं करून देईन. चालेल ना?" सोबत डब्यांचे फोटो. काकांचं उत्तर आलं: "चालेल, सावकाश करा." तो मेसेज जपून ठेवलाय.

आता शेवटची शंका. पॅसेजमधल्या डब्यापासून माझ्या खोलीपर्यंत सहा-सात मीटर उरतात. डिस्टेंपरच्या भिंतीवर काय लावू?

तारयात्री

भिंतीला काहीच लावू नका. दाराची चौकट लाकडी असेल तर तिच्यावर ऑइल पेंट असतो, त्याला छोट्या चिकट क्लिपा धरतात. काढताना हेअर ड्रायरने गरम केल्या की डाग न पडता निघतात. किंवा ॲक्सेस पॉइंट पॅसेजमध्येच ठेवा. दार उघडं असेल तर ५ गिगाहर्ट्झ तिथून खोलीत आरामात येईल, मध्ये स्लॅब नाही.

डब्यावर मात्र केबल नुसती लोंबती सोडू नका. लॅनचं सॉकेट असलेली फेसप्लेट बसवा आणि टीव्हीची जुनी प्लेट स्क्रूंसकट त्या गुंडाळलेल्या वायरीसोबतच पिशवीत ठेवा.