मदत हवी आहे : आंबा घाटातील धुक्यासाठी जादा दिवे कोणते बसवावेत?

नमस्कार. माझ्या 2012 सालच्या डिझेल गाडीच्या हेडलाइटचा उजेड फारच अपुरा पडतो. कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्याने आंबा घाटातून महिन्यातून दोन-तीनदा रात्री जावे लागते, आणि पावसाळ्यात धुके उतरले की वळणावरचा पांढरा पट्टासुद्धा अगदी बोनेटपाशी आल्यावरच दिसतो.

पिवळट पडलेल्या काचा पॉलिश करून घेतल्या, भिंतीवर झोत पाडून फोकस जुळवला आणि 60/55 वॅटचे नवे हॅलोजन बल्ब बसवले. इंजिन चालू असताना बॅटरीवर 14.1 व्होल्ट मिळत होते, बल्बच्या सॉकेटवर मात्र 12.2, म्हणून रिले (दिव्यांचा जास्त प्रवाह चालू-बंद करणारा विद्युत स्विच) लावून थेट बॅटरीवरून जाड वायर ओढली. त्याने कोरड्या रस्त्यावर चांगला फरक पडला, धुक्यात मात्र नाही. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब टाकणार नाही, कारण त्याचा विस्कटलेला उजेड समोरच्या चालकाच्या डोळ्यांत जातो, आणि घाटात ते मला मुळीच मान्य नाही.

आता 55 वॅटचे दोन दिवे स्वतंत्र रिले आणि 15 अँपिअरच्या फ्यूजसह बसवायचे आहेत. दोन्ही मिळून साधारण 9 अँपिअर घेतील आणि अल्टरनेटर (इंजिनवर चालणारा, वीज तयार करणारा भाग) 70 अँपिअरचा आहे. बंपर कापायचा नाही, त्यामुळे जागा एकाच जोडीपुरती आहे.

अशा वेळी रुंद झोताचे फॉग लॅम्प बंपरखाली लावावेत, की अप्परबरोबरच (हेडलाइटच्या वरच्या, लांबच्या झोताबरोबर) पेटणारे लांब झोताचे दिवे? फॉग लॅम्प लावल्यास ते जमिनीपासून किती उंचीवर असावेत, आणि पिवळ्या काचेने धुक्यात खरोखर फरक पडल्याचा कोणाचा अनुभव आहे का?