‘हेजहॉग’ जनुकाला साळिंदर म्हणावे का?

अनुवादिका: गर्भाच्या जडणघडणीवरील एका पुस्तिकेचा अनुवाद करताना ‘सॉनिक हेजहॉग’ हे जनुक पानोपानी भेटते. मी ‘साळिंदर’ लिहिले, संपादकांनी ते खोडून ‘जाहक’ केले; हेजहॉग या छोट्या काटेरी प्राण्याचे ते संस्कृत नाव. शिवाय ‘जन्मदोष’ बरा की ‘जन्मजात व्यंग’?

पेशीपुराण: साळिंदर मुळीच नको. १९८० साली न्यूस्लाइन-फोलहार्ड आणि विशाउस या शास्त्रज्ञांनी फळमाशीची जी जनुके प्रसिद्ध केली, त्यांतले ‘हेजहॉग’ हे एक. ते बिघडले की अळीच्या अंगावर नको तेथेही काटे उगवतात, म्हणून हे नाव. पण फळमाशीत ‘पॉर्क्युपाइन’ नावाचे वेगळे जनुकही आहे आणि खरे साळिंदर ते! आपल्यासारख्या कणाधारी प्राण्यांतले त्याचे भावंड म्हणजे ‘सॉनिक हेजहॉग’; तो ‘सॉनिक’ तर व्हिडिओ गेममधला. विशेषनामे जशीच्या तशी ठेवावीत.

शब्दनिष्ठ: मग ‘जनुक’ तरी कशाला, ‘जीन’च लिहा. १९०९ साली योहान्सेन या शास्त्रज्ञांनी घडवलेला तो शब्दही आपल्या ‘जन्’ धातूचा भाऊबंदच आहे. ‘जाहक’ वापरल्याशिवाय रुळणार कसा?

माहेरवाशीण: माझ्या आत्याच्या अंगठ्याला चिकटून सहावे बोट होते. आजी त्याला ‘लक्ष्मीचे बोट’ म्हणे. व्यंग म्हणणाऱ्याची तिने कधी गय केली नाही.

पेशीपुराण: ते बोट याच जनुकाच्या करामतीचे असू शकते. गर्भाच्या हाताच्या अंकुरात करंगळीकडच्या पेशी या जनुकाचे प्रथिन संदेश म्हणून स्रवतात. जनुकापासून बऱ्याच दूर असलेल्या, त्याला हुकूम देणाऱ्या डीएनएच्या तुकड्यात एखादे अक्षर बदलले, तर अंगठ्याकडेही ते स्रवू लागते आणि जादा बोट फुटते. जनुक स्वतः मात्र धडधाकट असते. उलट चेहरा आणि मेंदू घडताना हाच संदेश तोकडा पडला, तर मेंदूचे दोन अर्धगोल विलग होत नाहीत आणि क्वचित कपाळाखाली एकच डोळा राहतो.

शब्दनिष्ठ: ‘व्यंग’ म्हणजे अंगात उणेपण. सहावे बोट हे उणे कसे? ‘जन्मदोष’च योग्य.

माहेरवाशीण: दोष कोणाचा? आमच्या गावी दुभंगलेल्या ओठाचे मूल जन्मले, की ‘ग्रहणात विळी धरली होतीस का?’ असे बाळंतिणीलाच विचारत.

शब्दनिष्ठ: वात, पित्त, कफ हेही दोषच; त्यांत कोण अपराधी आहे?

माहेरवाशीण: ती बाळंतीण काही आयुर्वेद शिकलेली नव्हती.

अनुवादिका: ‘जन्मजात वेगळेपण’ चालेल?

पेशीपुराण: एकाच डोळ्याचे ते बाळ जगत नाही. त्याच्या आईसमोर हा शब्द उच्चारून पाहा.

अनुवादिका: आणि हेजहॉगचे काय करू? पुस्तिका सोमवारी छापखान्यात जायची आहे.

शब्दनिष्ठ: जाहक.