टर्बो काढण्याआधी होस बघा

माल भरला की घाटात गाडी ओढत नाही, काळा धूर, शिट्टीसारखा आवाज, आणि मेकॅनिक म्हणतोय टर्बो, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, गेला. एवढ्यावरून टर्बो उतरवू नका, दादा. टर्बोने दाबलेली हवा वाटेतच निसटली तरी लक्षणं हीच: हवा कमी, डिझेल तेवढंच, म्हणून धूर.

इंटरकूलरचे, म्हणजे ती दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीचे, दोन्ही होस (रबरी पाइप) कोरडे पुसा आणि भरल्या गाडीने एक चढ मारून या. ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर काढणाऱ्या नळीतून, थोडं ऑइल आत येतंच, त्याला घाबरू नका. पण होसच्या बाहेरून ऑइलचा ताजा ओलावा दिसला की तिथे बोट फिरवा. चीर बहुधा क्लॅम्पच्या कडेला, खालच्या अंगाला सापडते. गाडी उभी असताना ती मिटलेली असते, दाब आला की उघडते. गॅरेजमध्ये नुसती रेस करून काय सापडणार?

नाहीच सापडली तर इंजिन बंद ठेवून टर्बोच्या हवा ओढणाऱ्या तोंडाला टोपी बसवा, दाब आवरणारा रेग्युलेटर लावून १० ते १५ पीएसआय दाबाची हवा सोडा आणि साबणाचं पाणी मारा. इंटरकूलरच्या टाकीची जोडसुद्धा बघा. डिपस्टिकपाशी (ऑइल मोजायची पट्टी) थोडी फुसफुस ऐकू आली तर चालतं.